चौदा दिवस वाळीत

पोर्तुगीज लोक आमच्या वर्धा जिल्ह्यात कधी आले नाहीत. आले असते तरी एका उन्हाळ्यात परत पळाले असते. त्यांचे शब्द मात्र आले आणि घरच्यासारखे राहिले. आमच्या गावचा माणूस सकाळी चावीने कुलूप काढतो, घमेल्यात शेण भरतो आणि नोकरी असलीच तर पगाराची वाट पाहतो. हे तिन्ही शब्द गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले आहेत हे त्याच्या गावीही नसतं. बटाटाही त्यांचाच, पण तो बहुधा वाटेत कुठेतरी उतरला, कारण आमच्याकडे अजून आलूच खातात. हा पाठ मी सातवीला दरवर्षी शिकवायचो आणि शेवटी खडू खाली ठेवून म्हणायचो, "शब्दाला सरहद्द नसते, शब्दाला जात नसते." यातलं दुसरं वाक्य मी आता म्हणत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बदली मागून आंजीच्या पुढे, माझ्याच गावच्या शाळेत आलो. माय म्हातारी झाली होती, घरी आम्ही दोघंच. घर विहाराच्या बाजूच्या मोहल्ल्यात. नाल्याच्या पलीकडे मोठी गल्ली, तिथे सरपंच, देऊळ, चक्की आणि गावातली सगळी मतं.

कोरोना आला तसा शाळेला टाळं लागलं आणि मी रिकामा झालो. मराठीच्या मास्तराला रिकामं ठेवणं धोक्याचं असतं. मी वही काढली आणि गावात येणारे नवे शब्द टिपायला लागलो.

काय शब्द होते. 'मास्क' गावात दोन दिवसही टिकला नाही. डवरताना, म्हणजे कोळपताना, बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला जाळीचं मुसकं बांधतात. लोकांनी ते सरळ स्वतःच्या तोंडाला लावलं. "मुसकं घाल न बे, पोलीस येऊन राह्यला," असं आपसांत सांगायला लागले. ताप पाहायचं यंत्र बंदूक झालं, बोटाला लावायचं चिमटा झालं. सॅनिटायझरला 'हाताची दारू' म्हणत, आणि ती फक्त हाताचीच आहे यावर गावातल्या दोन-तीन जाणकारांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. 'लाकडाऊन'ने तर कमालच केली. शेजारणीची म्हैस आटली, तर ती म्हणाली, "म्हैस लाकडाऊन झाली माही." सासू-सुनेचा अबोला, बंद पडलेली मोटर, पोट साफ न होणं, सगळं लाकडाऊन. इतका कामसू शब्द मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि मी सरकारी नोकरीत असल्यामुळे मला कामसूपणाचं विशेष कौतुक होतं.

सरकारचे शब्द मात्र वेगळेच होते. ते कागदावर यायचे. अलगीकरण, विलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्र, अतिजोखमीचे निकटसहवासित. कोतवालाने पहिल्याच दिवशी चौकात उभं राहून 'निकटसहवासित' वाचायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वेळी अडखळल्यावर कागद घडी करून खिशात घातला. म्हणाला, "सरकारनं काहीतरी सांगतलं आहे, पन ते चांगलं नसावं." मग सरपंचांचा मला फोन आला. देवळावर भोंगा आहे, तुमच्याकडे मराठी आहे, दोन्ही लावा.

मी दोन्ही लावलं. त्या आठवड्यात पुण्याहून चार पोरं परत आली होती. कंपनी बंद पडली म्हणून ट्रकने, मग पायी, मग पुन्हा ट्रकने. त्यांना माझ्याच शाळेत ठेवायचं ठरलं होतं आणि लोकांना समजावून सांगायचं होतं की घाबरू नका, पण जवळही जाऊ नका. मी माइक हातात घेतला. विलगीकरण हा शब्द तोंडात आला आणि मला स्वतःलाच तो कोरडा लागला. आता सोपा शब्द कुठून आणू, असा मी क्षणभर थांबलो आणि मला सुचलं. सुचल्याचा मला आनंदही झाला, हे कबूल करतो.

"घाबरू नका," मी भोंग्यावरून म्हणालो. "विलगीकरण म्हणजे काय, तर जुन्या काळी वाळीत टाकत न, तसंच. फक्त चौदा दिवस वाळीत. मग परत आत."

चौक हसला. मला खालून ऐकू आलं. शब्द समजला होता, एका झटक्यात, लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत. मास्तराला याहून मोठं बक्षीस नसतं. मी घरी आलो तो वहीत त्या शब्दासमोर स्वतःचं नाव घालावं की नको या विचारात.

माय दारात बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"काय म्हनला तू भोंग्यावर?"

मी सांगितलं.

"त्या शब्दाले आमी किती मेहनतीनं पुरलं होतं," ती म्हणाली. "तू माइकवरून उकरून आनला."

मी तिला समजावलं. शब्दाचे अर्थ काळाबरोबर बदलतात, तो आता मेलेला शब्द आहे, नुसती उपमा आहे. दहा मिनिटं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुले पगार याचाच भेटते काय?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिचा राग मला समजत नव्हता असं नाही. पण मी दीक्षेनंतर जन्मलेला. वाळीत म्हणजे काय ते मला पुस्तकातून आणि भाषणांतून माहीत. गावाने एकदा आमचा सगळा मोहल्ला वाळीत टाकला होता, दुकानातून मीठ मिळायचं बंद झालं होतं, हे मी मायच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं, जशा बाकीच्या गोष्टी ऐकल्या तसंच. ज्या शब्दाचे चटके तिने खाल्ले, तो माझ्यासाठी शब्दकोशातली एक ओळ होता, आणि मला त्या ओळीचा अभिमान होता.

पुण्याच्या पोरांना तर तो शब्द आवडलाच. तंबाखूची तलफ आली की शाळेच्या व्हरांड्यातून ओरडायचे, "गुरुजी, आम्हा वाळीतवाल्याले खर्रा पाठवा." चौदा दिवस झाले, ती घरी गेली, त्याच संध्याकाळी पारावर पत्ते खेळायला बसली. कोणाला काही झालं नाही. मी मायला म्हणालो, पाहा. ती म्हणाली, "पोरं होते ते. अन् शाळेत होते. थांब जरा."

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि मला नवं काम लागलं. घरोघरी जाऊन ताप-खोकल्याची पाहणी. माझ्याबरोबर गावची आशाताई. आशा हे तिचं नाव नव्हे, कामाचं नाव. सरकारी आरोग्य खात्याची गावातली बाई. ती मोठ्या गल्लीतली सून, पस्तिशीची, चालायला वेगवान आणि बोलायला त्याहून. ती बंदूक धरायची, मी वहीत लिहायचो. गावातल्या प्रत्येक बाईच्या बाळंतपणाची तारीख तिच्या डोक्यात पाठ. वाटेत एखादी दिसली की ती तिथेच थांबवायची, "लोहाच्या गोळ्या घेऊन राह्यली का कोंबड्याले चारून राह्यली?" लोक तिला थोडे भ्यायचे आणि फार मानायचे.

पोळा झाला. त्या वर्षी बैल तोरणाखाली जमले नाहीत, ज्याने-त्याने आपल्या अंगणातच पुजले. पोळ्यानंतर चार दिवसांनी ताईने फोडणी घातली आणि तिला वास आला नाही. दुसरी कोणी असती तर झाकून ठेवलं असतं. तेव्हा सगळेच ठेवायचे. हिने स्वतःच फोन करून गाडी बोलावली, भर दुपारी, गल्लीतल्या सगळ्यांसमोर बसून वर्ध्याला गेली. गावातली पहिली. नवऱ्याचा आणि माझा अहवाल चांगला आला. तिची तब्येतही फारशी बिघडली नाही. दहा दिवस सेंटरवर, वर सात दिवस घरात, आणि हातात बरी झाल्याचा कागद.

तो कागद घेऊन ती कामावर निघाली, तर एकही दार उघडेना.

पुण्याची पोरं शाळेत होती, गावापासून लांब. ही तर दोन महिने प्रत्येकाच्या घरात शिरत होती, प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावत होती. तेव्हा गावाने हिशेब केला की कोरोना हिनेच आणला, आणि ज्याच्या घरी काही झालं नव्हतं त्यालाही आता काहीतरी होऊन गेल्यासारखं वाटायला लागलं. शिवाय हातात शब्द होताच. मीच दिला होता. आजारी माणसाला लांब ठेवायचं तर तो बरा झाला की विषय संपतो. पण वाळीत टाकलेला माणूस बरा होत नसतो. त्याला परत घ्यावं लागतं, आणि परत घ्यायची एक रीत असते.

ती रीत चक्कीवाल्या काकांना पाठ होती. गावात पिठाची चक्की एकच, त्यांची, ताईच्या घराच्या बरोबर समोर. काका तिच्याच जातीचे, सत्तरीचे, भुवयांवर कायम पिठाचा थर. ताईच्या नवऱ्याने गव्हाचं पोतं नेलं तर त्यांनी दारातूनच थांबवलं.

"दिवस झाले न पुरे," नवरा म्हणाला.

"दिवस झाले, पन पंगत झाली नाई," काका म्हणाले. "वाळीत टाकलेल्याले जातीत घ्याचं असन तं पंगत द्या लागते. आमच्या बापाच्या वेळी पाच घरं जेवत. मंग तो मोकळा. मनानं सांगून नाई राह्यलो मी, गुरुजीनंच भोंग्यावर सांगतलं."

पाच घरं म्हणजे निदान पंचवीस माणसं, आणि तेव्हा लग्नालाही पंचवीस माणसं जमवायची तर तहसीलदाराची चिठ्ठी लागायची. म्हणजे कोरोना झाला म्हणून वाळीत, आणि वाळीतून सुटायचं तर गर्दी जमवून कोरोना करायचा. मी हे काकांना जाऊन समजावलं. ते म्हणाले, "रीत तं रीत आहे." आमचा मोहल्ला तरी वेगळा वागला असेल असं वाटत असेल, तर नाही. आमच्याकडच्या बायकाही ताईला पाहून अंगणाचं फाटक लावून घ्यायच्या, वर एक-दोघी हसायच्याही. मोठ्या गल्लीची सून वाळीत पडलेली पाहायला मिळणं, हा योग आमच्या सात पिढ्यांत आला नव्हता.

मग एके दिवशी सकाळी ताई आमच्या अंगणात आली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"गुरुजी, तो शब्द तुमी आनला," ती म्हणाली. "तुमीच परत न्या."

मी म्हणालो की लोक अडाणी आहेत, थोडा वेळ लागेल, सगळं निवळेल.

"मले वेळ आहे," ती म्हणाली. "माह्यं पीठ नाई दळलं तरी चालन, भात खाऊ. पन काकाची सून नवव्या महिन्यात आहे. परवा पानी भराले आली तं मी तिचे पाय पाह्यले. असे सुजले. तिचं बीपी पाहा लागते, आज पाहा लागते, अन् ते मले दारात उभं करत नाईत. पोरीले काही झालं तं कोनाले सांगू मी? शब्दाले?"

आत मायची भांडी वाजायची थांबली होती.

त्याच दिवशी मी माघार लिहून काढली. दोनदा लिहिली, पहिल्या वेळी चुकीपेक्षा मीच जास्त दिसत होतो. संध्याकाळी भोंग्यावर गेलो. वाळीत हा शब्द मी चुकून वापरला, तो मी मागे घेतो, आजार म्हणजे गुन्हा नव्हे, ताई पूर्ण बरी आहे, तिला घरात येऊ द्या. चांगलं बोललो. आवाजही मध्येच भरून आला, तो खरा होता. पाराजवळून परत येताना मला कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, वाळीत उठवली म्हनते तुमी." मी हो म्हणालो. "मंग पंगत कवा?" त्याने विचारलं. शब्द भोंग्यावरून सोडता येतो, भोंग्यावरून परत बोलावता येत नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं. सातवीच्या पुस्तकात हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी आमची चूल पेटली नव्हती. मी विचारलं, आज उपास आहे का. मायने लुगडं बदललं होतं आणि ती चपला शोधत होती.

"मी ताईच्या घरी जेवाले चालली," ती म्हणाली. "तू येतो तं ये."

"तिने बोलावलं का?"

"काहाले बोलावन? वाळीतवाला कोनाले बोलावत नसते. जाचं असते."

मी म्हणालो निदान ताट घेऊन जा, तिला भांडी घासायचा त्रास. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, पण मी ती भांड्यांवर ढकलली. माय दारातच थांबली. "तिच्या घरी ताट नाई काय?" म्हणाली, आणि चालायला लागली. मी मागे.

नाला ओलांडून मोठ्या गल्लीत शिरलो. माय त्या गल्लीत आयुष्यभर गेली होती, पण निंदणाच्या मजुरीसाठी, आणि अंगणापर्यंत. ताईच्या घराची ओसरी रस्त्याला लागून, चार पायऱ्या वर. माय कोणाला न विचारता चारही पायऱ्या चढली आणि ओसरीच्या अगदी कडेला, समोरून चक्कीतून स्पष्ट दिसेल अशी मांडी घालून बसली.

"वाढ बाई," ती म्हणाली. "भूक लागली."

ताई दारात येऊन पाहतच राहिली. मग आत गेली आणि ताट घेऊन आली. भात, वरण, तरोट्याची भाजी. माय रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पोळी नाई काय वं?"

"पीठ नाई, मावशी," ताई म्हणाली. तिलाही आता सूर सापडला होता. तीही रस्त्याला ऐकू जाईल असंच बोलली.

समोर चक्कीचा पट्टा थांबला. काका दारात आले. गल्लीत आणखी चार-पाच दारं उघडली. लोक बाहेर आले नाहीत, पण आतही गेले नाहीत. मी खाली रस्त्यावर उभा होतो, ना इकडचा ना तिकडचा.

"काय वं बुढे, हे काय लावलं?" काकांनी विचारलं.

"पंगत," माय म्हणाली.

"एका मानसाची पंगत असते काय?"

"पाचाच्या वर बसू नका म्हनते सरकार. चार जागा राखून ठेवल्या मी. या न."

कोणीतरी दाराआड हसलं. काकांच्या भुवया वर गेल्या आणि पीठ खाली पडलं. "आमच्या जातीतल्या बाईले परत घेनारी तू कोन?"

मायने वरणभाताचा घास कालवला, तोंडात घातला, सावकाश चावला. तेवढा वेळ सगळी गल्ली थांबली होती. "तुमच्या जातीत घ्याचं का नाई ते तुमी पाहा, भाऊ," ती म्हणाली. "मी तं जेवून राह्यली."

वाळीत टाकलेल्या घरी कोणी जेवलं तर त्यालाही वाळीत टाकायचं, अशी जुनी रीत. पण मायला कशातून बाहेर टाकणार? ज्या पंगतीत तिला कधी बसवलंच नव्हतं, तिच्यातून तिला उठवणार तरी कसं?

तेवढ्यात काकांच्या मागून त्यांची सून बाहेर आली. काका "कुठी चालली?" म्हणेपर्यंत ती रस्त्याच्या मध्यावर होती. पोट पुढे, एक हात कमरेवर, पायांत नवऱ्याच्या मोठ्या चपला, कारण तिच्या स्वतःच्या चपला आता पायात जात नव्हत्या. पायऱ्या चढताना ताईने खाली येऊन तिचा दंड धरला. सहा-सात आठवड्यांत गावातल्या कोणी ताईचा हात अंगाला लागू दिला नव्हता, तो सुनेने तेव्हा लागू दिला.

"आजी, थोडं सरका," सून म्हणाली. "मले पाय लांब करा लागतात."

माय सरकली. सुनेने ताटाकडे हात केला तर ताईने तो हात मधेच पकडला. "जेवाच्या आंधी हात दे इकडं," म्हणाली आणि बीपीचा पट्टा बांधला. फुगा दाबला, आकडा पाहिला, पुन्हा दाबला, पुन्हा पाहिला. मग पट्टा न सोडताच दुसऱ्या हाताने गाडीला फोन लावला. आकडा तिने मोठ्याने सांगितला नाही, फक्त काकांकडे पाहिलं. काका रस्ता ओलांडून आले आणि पायरीजवळ उभे राहिले. नंतर दवाखान्यातही सांगितलं की दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. वर्ध्याला ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, आता शाळेत जाते. पण त्या दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी आम्ही फक्त गाडीची वाट पाहत होतो.

वाट पाहता पाहता ताईने सुनेला दोन घास भात चारला. मग पलीकडच्या घरातली म्हातारी आली, म्हणाली मलेही थोडं वाढ, आणि बसली. कोणी पंगत म्हटलं नाही, कोणी वाळीत म्हटलं नाही. काकांनी पायरीवरूनच पोराला हाक मारली, "त्याहीचं गव्हाचं पोतं चक्कीवर घेऊन जा रे." एवढ्यावर सगळं मिटलं. मला वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

तेव्हा ताईने आणखी एक ताट वाढलं आणि मायच्या शेजारी ठेवलं.

"गुरुजी, या. बसा."

तिचा कागद मी स्वतः वाचला होता. ती बरी आहे हे भोंग्यावरून पाच हजार पावलांपर्यंत ऐकवलं होतं. तिच्याबरोबर दोन महिने खांद्याला खांदा लावून फिरलो होतो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही ताई, मी आत्ताच जेवून आलो."

किती सफाईने निघालं. आवाज नेहमीचा, चेहऱ्यावर थोडं हसू, हात किंचित वर.

माय भात कालवत होती. मान वर न करता, माझ्याशी नाही, ताईशी बोलल्यासारखी ती म्हणाली, "माह्या घरी या गल्लीतलं जे-जे आलं न बाई, मजूर बोलावाले, मतं मागाले, सारे आत्ताच जेवून आलेले राहत. चहाबी आत्ताच झालेला. तुही सासू आली तवा तिचंबी झालतं. माही सारी जिंदगी गेली, माह्या दारात एकही उपाशी मानूस आला नाई."

ताईने मान खाली घातली. सून ऐकत होती, काका पायरीवर ऐकत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते हसू, तो वर केलेला हात, मी कुठे शिकलो ते मला आता कळलं. आमच्याच ओट्यावर, मायच्या पदराआडून पाहून पाहून शिकलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. ताई लगबगीने उठली, हात धुतले, पिशवी घेतली, सुनेला धरून खाली उतरवलं. माझ्या शेजारून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला काम होतं. गाडीचं दार लागलं. मी चपला काढल्या, चार पायऱ्या चढलो आणि मायच्या शेजारी बसलो.

मायने माझ्यापुढचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि त्यातला भात आपल्या वरणात कालवला.

"तुह्यं तं झालं न," ती म्हणाली.